मदत हवी आहे: ट्रॅक्टरच्या बॅटरीला चार्जर लावावा की एसएमपीएस?

नमस्कार. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर ट्रॅक्टर जवळजवळ रोज फवारणीच्या ब्लोअरला जुंपलेला असतो. माल उतरल्यावर मात्र तो तीन-तीन आठवडे शेडमध्ये उभा राहतो आणि नेमक्या गरजेच्या दिवशी सेल्फ मारला की नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. बॅटरी १२ व्होल्ट, ८८ अँपिअर-अवर, पाणी घालावी लागणारी आणि दोन वर्षांची आहे.

माझ्याकडे एक जुना ट्रान्सफॉर्मरचा चार्जर आहे. ‘रात्रभर लावा, काही होत नाही’ असे गॅरेजवाल्यांनी सांगितल्यामुळे तो तसाच लावून ठेवला, तर पहाटे सहाही सेल उकळल्यासारखे बुडबुडत होते, टोपणांभोवती ओल आली होती आणि मीटर १५.९ व्होल्ट दाखवत होता. दुसरा, कॅमेऱ्यांसाठी घेतलेला १२ व्होल्ट, १० अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेपासून ठरावीक डीसी व्होल्टेज देणारा डबा) आहे. तो जोडला तेव्हा बॅटरी १२.१ व्होल्टवर होती, परंतु करंट शून्य! दोन्हींवर १२ व्होल्टच लिहिलेले असताना एकाने बॅटरी उकळावी आणि दुसऱ्याने तिला शिवूही नये, हे कसे? एसएमपीएसवरील स्क्रू फिरवल्यास १३.६ व्होल्ट मिळतात. तेवढ्यावर तो कायम जोडून ठेवता येईल का?

उत्तर

बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा वरचे व्होल्टेज दिल्याशिवाय तिच्यात करंट शिरत नाही. आपली बॅटरी १२.१ वर आणि एसएमपीएस जेमतेम १२ वर, म्हणून शून्य. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीनंतर १२.६ ते १२.७ दाखवते; ती भरण्यासाठी साधारण १४.४ व्होल्ट लागतात आणि भरल्यावर १३.५ च्या आसपास उतरावे लागते. ही उतरण चांगला चार्जर स्वतः करतो. जुन्या ट्रान्सफॉर्मर चार्जरला बॅटरी भरल्याचे कळतच नाही, त्यामुळे पुढचा करंट पाण्याचे विघटन करण्यात जातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. बंद शेडमध्ये हे धोक्याचे आहे. तो वापरायचाच असेल तर क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने, म्हणजे नऊ अँपिअरच्या आत, डोळ्यांदेखत लावावा आणि १४.४ ला काढावा.

१३.६ वर एसएमपीएस चालेल, पण भरलेली बॅटरी राखण्यापुरताच. उतरलेली बॅटरी जोडल्यास ती मर्यादेबाहेर करंट ओढते आणि काही एसएमपीएस चालू-बंद होत राहतात. शिवाय लाईट गेल्यावर बॅटरीच उलटी एसएमपीएसच्या सर्किटला पुरवठा करू लागते. म्हणून पॉझिटिव्ह वायरीत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घालावा आणि त्यात पडणारे व्होल्टेज भरून निघेल अशा बेताने, बॅटरीच्या टर्मिनलवर मोजून, स्क्रू लावावा.

तरीही मूळ शंका वेगळीच आहे. दोन वर्षांची बॅटरी तीन आठवड्यांत इतकी उतरायला नको. चावी बंद असताना निगेटिव्ह केबल काढून, केबल आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर लावून करंटची गळती पाहावी, पण त्या वेळी सेल्फ मारू नये, मीटरचा फ्यूज उडेल. ५० मिलिअँपिअरची गळती असली तरी तीन आठवड्यांत २५ अँपिअर-अवर जातात.

धागाकर्ता

मोजले. ७० मिलिअँपिअर येत होते; गाण्यांच्या टेपची वायर थेट बॅटरीवर घेतलेली निघाली. ती काढल्यावर करंट शून्यावर आला. आता बॅटरी भरून, निगेटिव्ह केबल काढून ठेवली आहे; तीन आठवड्यांनी व्होल्टेज येथेच कळवतो.