बाहेरून कडी कोणी लावली?

ए-२०१: पहाटे साडेपाचला दूध घ्यायला गेले तर दार उघडेना. बाहेरून कडी! खिडकीतून वॉचमनला हाका मारल्या, साहेब सहाला उठले. समोर २०३चा कोयंडा कापलाय. ते गणपतीला गावी गेलेत.

सी-१०४: शुभ सकाळ 🌹 बाप्पा मोरया

सेक्रेटरी: ११२ला फोन केलाय, पोलीस येताहेत. २०३च्या दाराला, कुलपाला कोणी हात लावू नये, ही विनंती.

बी-३०२: आठ कॅमेरे आहेत ना? रेकॉर्डिंग काढा.

सेक्रेटरी: डीव्हीआरची हार्ड डिस्क मे महिन्यातच गेलीय. सभेत खर्च मांडला होता. "लाइव्ह दिसतंय ना, मग झालं," असं कोण म्हणालं, ते आपल्याला आठवत असेलच.

बी-३०२: मी तीन कोटेशनं मागवा म्हणालो होतो. शब्द फिरवू नका.

ए-४०१: भाडेकरूंची पोलीस पडताळणी झालीय का?

सी-३०३: काका, माझी झालीय, ऑनलाइन. पावती ऑफिसात दिलीय. तुमच्याकडे महिनाभर रंगारी होते, त्यांची झाली होती?

ए-४०१: मी जनरल बोललो.

बी-१०२: लिफ्टने आला असता तर आपोआप सापडला असता 😂

खजिनदार: लिफ्टची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीची फी, भरलीय. विषय भरकटवू नका.

ए-२०१: हसू येतंय? रात्री आग लागली असती तर?

बी-५०१: ताई, बाहेरची कडीच काढून टाका. लॅच आहे ना? आम्ही मागच्या वर्षीच काढली. चोर आधी शेजाऱ्यांना कोंडतात, मग निवांत काम. आणि वॉचमनला काय बोलायचं? दिवसाही तोच, रात्रीही तोच. चोवीस तास कोण जागणार? एजन्सीकडे खासगी सुरक्षा एजन्सींच्या २००५च्या कायद्याखालचा परवाना आहे का, ते तरी विचारा.

खजिनदार: दुसरा माणूस ठेवू. मेंटेनन्स वाढवायला तयार आहात?

ए-४०१: भाडेकरूंची पडताळणी झालीय का?

सी-३०३: 🙏

ए-२०३: आत्ता मेसेज पाहिले. एसटीत आहोत. आत कोणी गेलंय का? कपाट उघडं दिसतंय का?

सेक्रेटरी: दादा, पोलीस आल्यावरच आत जाऊ. धीर धरा.

ए-२०३: तीन दिवसांचे पेपर दारातच पडले असतील. समोरच्यांना उचलता आले नाहीत?

ए-२०३: हा मेसेज डिलीट केला आहे

बी-१०२: चपलांच्या रॅकचं भांडण अजून चालूच वाटतं

ए-२०१: वाचला मी. चार दिवसांचे आहेत, आजचा धरून. पोलीस गेले की उचलते. वहिनींना सांगा, जेवायला आमच्याकडेच या.