मदत हवी आहे: गेमिंग झोनमधल्या एका पीसीवर व्हॅलोरंट गेमचा व्हॅन १५२ एरर, तीन पीसींवर व्हॅन ९००१. स्पर्धेआधी काय काय करावं लागेल?

पाचोरा_झोन

राम राम मंडळी. पाचोऱ्यात दहा पीसींचा गेमिंग झोन आहे. दिवाळीच्या सुट्टीत जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे या भागातल्या पोरांसाठी व्हॅलोरंटची पाच विरुद्ध पाच स्पर्धा ठेवायची आहे. त्याआधी हे निस्तरायचं आहे:

१. पीसी क्रमांक ४ वर कुठल्याही आयडीने गेलं तरी व्हॅन १५२ येतो. कुण्या गिऱ्हाइकाने चीट चालवल्याचा संशय आहे. विंडोज नव्याने टाकली, एसएसडी बदलली, फरक शून्य.
२. तीन पीसींवर विंडोज ११ आहे, तिथे व्हॅन ९००१.
३. सगळीकडे डीप फ्रीझ (रीस्टार्ट केलं की ड्राइव्ह जसाच्या तसा परत आणणारं सॉफ्टवेअर) आहे. गेम रीस्टार्ट मागतो, रीस्टार्ट केलं की परत रीस्टार्टच मागतो.
४. स्पर्धेत चीटिंग होऊ नये म्हणून काय तयारी लागते?

कॉन्फिग: सहा पीसी रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, जीटीएक्स १६५०. चार पीसी चौथ्या पिढीचे आय५, एच८१ बोर्ड, विंडोज १०. पीसी ४ रायझनवाला आहे. त्यासाठी एकाने स्पूफर सुचवलाय. टाकू का?

तापीकाठ

काय भो, स्पूफर? अजिबात नको. स्पूफर म्हणजे कर्नलमध्ये (विंडोजच्या गाभ्यात) घुसून बोर्डाचा, डिस्कचा सीरियल नंबर खोटा दाखवणारा ड्रायव्हर. तो चालावा म्हणून आधी सिक्युअर बूट (सही नसलेलं काही सुरुवातीलाच चढू न देणारी सोय) आणि ड्रायव्हरची सही तपासणं बंद करायला सांगतात. ज्या पीसीवर दिवसभर गिऱ्हाइकं आपले पासवर्ड टाकतात, तिथे कुठल्याशा टेलिग्राम चॅनेलवरचा कर्नल ड्रायव्हर टाकणं म्हणजे गल्ल्याची चावी अनोळखी माणसाच्या हातात देणं. शिवाय व्हॅनगार्डने (व्हॅलोरंटसोबत येणारं चीट पकडणारं सॉफ्टवेअर) तो पकडला की नवीन बॅन, तोही काहीच न केलेल्या गिऱ्हाइकाच्या आयडीवर.

व्हॅन १५२ हा आयडीचा नाही, हार्डवेअरचा बॅन आहे. ओळख कशाकशावरून पटवतात याची नेमकी यादी रायट (व्हॅलोरंटची कंपनी) देत नाही, पण एकाच भागावर ती अवलंबून नसते. म्हणून एसएसडी बदलून किंवा विंडोज टाकून काही होत नाही. हा बॅन कायमचा नसतो, काही महिन्यांची मुदत असते. पण मुदतीत त्याच मशीनवर पुन्हा चीट सापडली तर पहिले पाढे पंचावन्न.

तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. पहिली, रायट सपोर्टला तिकीट टाका. हे सार्वजनिक झोनचं मशीन आहे, वेगवेगळे लोक खेळतात, असं स्पष्ट लिहा. प्रोग्राम फाइल्समधल्या रायट व्हॅनगार्ड फोल्डरमध्ये लॉग्स नावाचं फोल्डर आहे, ते झिप करून जोडा. ते लॉग आपल्याला वाचता येत नाहीत, त्यांना येतात. बॅन उठेलच याची खात्री नाही, तिकीट मात्र टाकाच. दुसरी, पीसी ४ स्पर्धेतून काढा आणि तोवर त्यावर सीएस टू (काउंटर-स्ट्राइक २) किंवा दुसरं काही चालवा. सीएस टूच्या व्हॅकचा, म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीच्या अँटी-चीटचा, बॅन स्टीम खात्यावर बसतो, मशीनवर नाही. झोनवाल्याच्या दृष्टीने दोन्हींतला खरा फरक हाच.

कुणी चालवलं हे शोधायचं असेल तर तुमचं रजिस्टर बघा. सायबर कॅफेच्या २०११ च्या नियमांप्रमाणे ओळखपत्र बघून नोंद करायची आणि ते रजिस्टर किमान एक वर्ष ठेवायचं असतं. पीसी क्रमांकाचा रकाना त्यात असेल तर काम सोपं.

भुसावळ_जंक्शन

९००१ माझ्याकडे. विंडोज ११ वर व्हॅनगार्डला टीपीएम २.० (सुरक्षेच्या चाव्या सांभाळणारा भाग) आणि सिक्युअर बूट दोन्ही चालू लागतात. आधी तपासा, मग हात लावा.

विंडोज की आणि आर दाबून टीपीएम डॉट एमएससी उघडा. स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० दिसायला हवं. मग एमएसइन्फो३२ उघडा. बायोस मोडपुढे यूईएफआय हवं आणि सिक्युअर बूट स्टेटपुढे ऑन हवं. बायोस मोड लेगसी दिसला तर डिस्क जुन्या एमबीआर मांडणीची आहे, यूईएफआयला जीपीटी लागते. अशा वेळी घाईघाईने सीएसएम (बायोसमधली जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद कराल तर विंडोज उठणारच नाही.

डिस्क फॉरमॅट न करता बदलता येते. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये एमबीआर२जीपीटी, त्यापुढे स्लॅश व्हॅलिडेट, स्लॅश अलाउफुलओएस. यशस्वी म्हणालं तर तीच कमांड व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट घालून. बिटलॉकर (डिस्कचं एन्क्रिप्शन) चालू असेल तर आधी थांबवा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. डीप फ्रीझ अर्थातच थॉ (म्हणजे तात्पुरतं बंद) करून, नाहीतर सगळं मुसळ केरात. कन्व्हर्ट झाल्यावर लगेच बायोसमध्ये जायचं.

बायोसमध्ये क्रम असा: एएमडी एफटीपीएम (प्रोसेसरमधला टीपीएम) चालू, सीएसएम बंद, सेव्ह करून पुन्हा आत, मग सिक्युअर बूट चालू. पर्यायांची नावं बोर्डागणिक बदलतात. आसुसवर ओएस टाइपमध्ये विंडोज यूईएफआय मोड निवडायचं असतं, अदर ओएस ठेवलं तर सिक्युअर बूट बंदच धरतात. गीगाबाइटवर बऱ्याचदा एनेबल्ड दिसतं आणि शेजारी नॉट ॲक्टिव्ह. म्हणजे चाव्या भरलेल्या नाहीत. रिस्टोअर फॅक्टरी कीज करा, सेटअप मोडचं यूझर मोड झालं की काम झालं.

त्याच बैठकीत बायोसही नवं करून घ्या. जुन्या एजीसावर (बायोसमधला एएमडीचा भाग) एफटीपीएम चालू केलं की मधूनच गेम अडखळतो. एएमडीने २०२२ मध्ये हे मान्य केलं आणि एजीसा १.२.०.७ मध्ये दुरुस्ती दिली. त्याच्या खालचं बायोस असेल तर पोरं लॅगच्या नावाने ओरडतील. बायोस टाकताना पीसी यूपीएसवरच असला पाहिजे, आपल्याकडच्या लाइटीचा भरवसा धरू नका.

एच८१ वाले चार पीसी विंडोज १० वरच राहू द्या. तिथे ९००१ ची अट लागत नाही आणि त्या बोर्डांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. फक्त विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा त्यांची बदली पुढच्या खर्चात धरा.

पाचोरा_झोन

धन्यवाद भाऊ. दोन पीसी झाले. तिसऱ्यावर व्हॅलिडेटच फेल होतंय, डिस्क लेआउट व्हॅलिडेशन फेल्ड म्हणतो. त्यात सी, डी, ई अशी तीन पार्टिशन्स आहेत.

भुसावळ_जंक्शन

डिस्क मॅनेजमेंट उघडा. डी आणि ई भोवती हिरवी चौकट आहे ना? ती एक्स्टेंडेड पार्टिशन आणि आतली दोन लॉजिकल. पीसी जोडून देणारे सवयीने असंच कापून देतात. एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल पार्टिशन असलं की एमबीआर२जीपीटी हात लावत नाही, आणि प्रायमरी पार्टिशन्सही तीनपेक्षा जास्त चालत नाहीत. डी, ई मधला डेटा बाहेर काढा, दोन्ही उडवा, उरलेली हिरवी रिकामी जागाही डिलीट करा म्हणजे ती काळी अनअलोकेटेड होईल. मग परत व्हॅलिडेट. कन्व्हर्ट झालं की नवीन डी बनवून घ्या. त्या डिस्कवर फक्त गेम असतील तर एवढा खटाटोप न करता यूएसबीवरून यूईएफआय मोडमध्ये नवीन विंडोज टाका, वेळ वाचेल.

तापीकाठ

यात एक भर. काही आठवड्यांनी तोच पीसी पुन्हा ९००१ दाखवायला लागला तर सेटिंग कुणी बदलली म्हणून पोरांवर खेकसू नका, आधी बोर्डावरचा सेल बघा. सीआर२०३२, ३ व्होल्टचा. रात्री मेन स्विच बंद करणाऱ्या झोनमध्ये तो लवकर बसतो. सेल गेला की बायोस डीफॉल्टवर जातं, जुन्या बोर्डांवर सीएसएम परत चालू होतो. डिस्क जीपीटी असल्याने विंडोज उठतेही, फक्त सिक्युअर बूट गेलेला असतो, म्हणून कारण पटकन लक्षात येत नाही. घड्याळ मागे पडलेलं दिसलं की समजायचं. जुन्या पीसींचे सेल एकदमच बदलून टाका.

लळिंग_धुळे

डीप फ्रीझचं सांगतो. गेम डी वर, डी थॉ, सी फ्रोझन अशी मांडणी असणार. गेम डी वर अपडेट होतो आणि टिकतो. व्हॅनगार्ड मात्र सी वर बसतो आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजसोबतच सुरू होतो, म्हणून नवीन आवृत्ती आली की रीस्टार्ट मागतो. रीस्टार्ट झाला की डीप फ्रीझ जुना व्हॅनगार्ड परत आणून ठेवतं. हेच ते चक्र.

उपाय एकच. पॅच आला की सगळे पीसी थॉ करा, रायट क्लायंट उघडा, व्हॅनगार्ड अपडेट होऊ द्या, रीस्टार्ट, प्रॅक्टिस रेंजमध्ये एकदा आत जाऊन बघा, मगच फ्रीझ. व्हॅलोरंटचे पॅच साधारण दर दोन आठवड्यांनी येतात, तेव्हा हे काम सकाळी गिऱ्हाइकं यायच्या आधीच ठरवून टाका. व्हॅनगार्डचं फोल्डर तेवढं फ्रीझमधून वगळायचा जुगाड काही जण करतात. तो टिकत नाही, कारण ड्रायव्हरची नोंद रजिस्ट्रीत असते आणि रजिस्ट्री जुनीच परत येते.

फ्रीझ आहे म्हणून चीट टिकत नाही, हा मात्र गैरसमज. चीटला एक बैठक पुरते आणि बॅन रायटच्या सर्व्हरवर नोंदला जातो, तो काही रीस्टार्टने पुसत नाही. फ्रीझपेक्षा महत्त्वाचं हे की गिऱ्हाईक ॲडमिन खात्यावर बसलेलं नको. स्टँडर्ड यूझर करा. बहुतेक चीटना ड्रायव्हर चढवायला ॲडमिन हक्क लागतात, तिथेच अडतात. पेन ड्राइव्ह बंद करायला रजिस्ट्रीत करंट कंट्रोल सेटखालच्या सर्व्हिसेसमध्ये यूएसबीस्टोअर आहे, त्यातला स्टार्ट ३ चा ४ करा. माउस, कीबोर्डला धक्का लागत नाही.

आयजीएल_अमळनेर

स्पर्धेबद्दल. पोरं आपला माउस, कीबोर्ड आणणारच, ते नाकारू नका, पण वायर तुमच्या माणसाने जोडायची. माउस आणि पीसीच्या मध्ये कुठलीही डबी, छोटा बोर्ड, हब नको. कलर बॉट असाच चालतो. स्क्रीनवरचा शत्रूच्या कडेचा रंग वाचायचा आणि अर्डुइनोसारख्या बोर्डातून माउसची हालचाल पाठवायची. तो बोर्ड विंडोजला साधा माउस वाटतो, त्यामुळे पेन ड्राइव्हवाली बंदी त्याला लागू पडत नाही. माउसच्या सॉफ्टवेअरमध्ये मॅक्रो लिहिता येतात, म्हणून ते सॉफ्टवेअर इन्स्टॉल करू द्यायचं नाही. डीएमए कार्ड पीसीची मेमरी थेट वाचतं, पण ते बसवायला कॅबिनेट उघडावं लागतं. साइड पॅनेलला कुलूप किंवा सील लावा, विषय संपला.

स्नॅप टॅपवाले (उलट दिशांच्या दोन कीजपैकी शेवटी दाबलेली धरणारे) कीबोर्ड चालतील की नाही ते नियमपत्रकात आधीच लिहा. सीएस टूमध्ये व्हॉल्व्हने ऑगस्ट २०२४ पासून आपल्या सर्व्हरवर ते चालवणाऱ्याला सामन्यातून काढायला सुरुवात केली, त्यामुळे ऐनवेळी कुणीतरी तो दाखला देणारच.

लॅन आहे म्हणून निर्धास्त राहू नका. २०१८ मध्ये शांघायच्या स्पर्धेत ऑप्टिक इंडियाच्या खेळाडूच्या पीसीवर चीट सापडली, फाइलचं नाव वर्ड डॉट ईएक्सई. साधं ऑफिसचं नाव दिसलं की कुणी बघत नाही, हा हिशेब. प्रत्येक सामन्याआधी टास्क मॅनेजरच्या डीटेल्स टॅबचा फोटो काढून ठेवा.

आणि खरं सांगू का, झोनमधल्या स्पर्धेत सॉफ्टवेअरपेक्षा डोळ्यांची चीट जास्त होते. शेजारच्याची स्क्रीन दिसते, मागे उभे राहिलेले मित्र 'बी ला आले' म्हणून ओरडतात. दोन्ही संघ पाठीला पाठ लावून बसवा, प्रेक्षकांची रांग मागे सरकवा आणि ऑब्झर्व्हरची (दोन्ही संघांचा खेळ दाखवणारी) मोठी स्क्रीन खेळाडूंना दिसेल अशी लावू नका.

केळीचा_घड

पण कर्नलमध्ये बसून व्हॅनगार्ड सगळं बघतो, त्याचं काय? व्हॅक तरी बाहेरून बघतो.

तापीकाठ

शंका रास्त आहे, म्हणून तर झोनच्या पीसीवर बँकेची कामं करू नयेत. पण चीट कर्नलमध्ये शिरली की बाहेरून बघणाऱ्याला ती दिसत नाही, हेही तितकंच खरं. व्हॅक सापडल्यासापडल्या नेहमी बॅन देत नाही, थांबून एकदम देतो, म्हणजे चीट बनवणाऱ्याला नेमकं काय पकडलं गेलं ते कळू नये. स्पर्धा भरवणाऱ्याला थांबायला वेळ नसतो.

पाचोरा_झोन

सगळं लिहून घेतलं. दोन प्रश्न राहिले. हरलेला संघ 'वॉलहॅक' (भिंतीपलीकडचा शत्रू दाखवणारी चीट) म्हणून ओरडला तर निकाल कसा द्यायचा? आणि पीसी ४ ला जुना बोर्ड घेतला तर चालेल का?

आयजीएल_अमळनेर

ऑब्झर्व्हरची स्क्रीन ओबीएसने पूर्ण रेकॉर्ड करा आणि तक्रार फेरी क्रमांकासह लेखी घ्या. व्हॅलोरंटचा सर्व्हर शत्रू दिसण्याच्या बेतात येईपर्यंत त्याची जागा तुमच्या पीसीला पाठवतच नाही. म्हणून अर्ध्या मॅपपलीकडून कुणी अचूक रोख धरत असेल तर आधी मागे उभ्या असलेल्यांकडून मिळणारी माहिती शोधा. एका डोक्यातल्या गोळीवरून निकाल नको. पावलांचा आवाज नाही, मिनिमॅपवर काही नाही, तरी पाच-सहा फेऱ्यांत क्रॉसहेअर भिंतीमागच्या माणसासोबत सरकतोय, असं दिसलं तर बोला. सामना चालू असताना व्हॅनगार्डने पकडलं तर चीटर डिटेक्टेड म्हणून लाल स्क्रीन येते आणि सामना तिथेच संपतो. अशा वेळी निकाल काय धरायचा, ते नियमात आधी लिहा.

भुसावळ_जंक्शन

जुना बोर्ड घेऊन बघता येईल, पण ओळख एकाच भागावर नसल्याने एकट्या बोर्डाने बॅन जाईलच असं नाही, आणि तोही कुणाच्या बॅनमधून आलेला नाही याची खात्री करून. विकणाऱ्याच्या दुकानातच विंडोज चढवून, व्हॅलोरंट टाकून, एका आयडीने डेथमॅचमध्ये आत जाऊन बघा. व्हॅन १५२ आला तर बोर्ड तिथेच परत. वेगळी डिस्क सोबत न्या, पीसी ४ मधली नको. विकणारा 'गेम नको, फक्त डिस्प्ले बघा' म्हणाला तर पैसे काढू नका.