पायाच्या खोदकामातील काळ्या दगडात पांढरे स्फटिक: हा रूपांतरित खडक आहे का?

घोडबंदरकर (ठाणे)

नमस्कार. आमच्या संकुलाला लागून एका इमारतीच्या पायाचे खोदकाम चालू असून तेथील मुकादमांनी माझ्या मुलाला दगडाचा एक तुकडा दिला. दगड काळपट राखाडी आहे; फोडलेल्या बाजूला बोराएवढ्या पोकळ्या आहेत आणि त्यांत किंचित गुलाबी झाक असलेले पांढरे पापुद्रे पंख्यासारखे पसरलेले असून ते मोत्यासारखे चमकतात. अग्निजन्य खडक झिजून स्तरित होतो आणि स्तरित खडक दाबला जाऊन रूपांतरित होतो, असा क्रम मुलाने पाठ केला आहे. त्यामुळे हा दगड ‘रूपांतरित व्हायला लागला आहे’, असे त्याचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, पण कारण सांगता येत नाही. आमच्या ओट्याचा ग्रॅनाइट आणि देवघराचा संगमरवर कोणत्या प्रकारात मोडतात, हेही त्याला हवे आहे.

खारघरचा रहिवासी (निवृत्त भूविज्ञान शिक्षक)

आपल्या मुलाने दगडात बदल झाला आहे हे अचूक ओळखले आहे. त्या बदलाची जात तेवढी तपासायला हवी.

ठाणे, येऊर, पारसिक, खारघर हा सगळा टापू सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून थरावर थर साचत तयार झालेल्या दख्खनच्या बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा आहे. लाव्हा पृष्ठभागावर पसरून लवकर निवला, म्हणून त्याचे कण डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. निवताना त्यातील वायूचे बुडबुडे वर चढले आणि घट्ट होत आलेल्या लाव्ह्यात अडकले. आपण म्हणता त्या पोकळ्या म्हणजे ते बुडबुडे. पुढे दीर्घकाळ भूजल खडकातून झिरपत राहिले, त्याने खडकातील काही घटक विरघळवले आणि पोकळ्यांत ते स्फटिकरूपाने जमा केले. पंख्यासारखे मोतिया पापुद्रे हे वर्णन स्टिल्बाइट या झिओलाइट गटातील खनिजाशी चांगले जुळते. कॅल्साइट (चुनखडकातील मुख्य खनिज) आणि गारगोटीही अशाच पोकळ्यांत सापडतात, त्यामुळे दगड हाती न घेता मी खात्रीचा निर्वाळा देणार नाही.

खडक रूपांतरित झाला असे आपण साधारणपणे तेव्हा म्हणतो, जेव्हा पुष्कळ उष्णतेने वा दाबाने, पण न वितळता, त्याची मूळ घडणच पालटते. आपल्या तुकड्यात मूळ बेसाल्ट आणि त्याचे बुडबुडे जसेच्या तसे आहेत. मात्र मुलाला सरसकट चूक ठरवू नये, कारण लाव्ह्याच्या जाड थरांखाली झिओलाइट तयार होणे ही रूपांतरणाची सर्वांत खालची पायरी मानण्याची पद्धतही भूविज्ञानात आहे. त्याला शंका आली, ती सीमा खरोखरच पुसट आहे.

क्रमाचा आग्रह मात्र सोडायला हवा. अग्निजन्य खडक स्तरित न होता थेट रूपांतरित होऊ शकतो, जसा ग्रॅनाइटपासून पट्टिताश्म. रूपांतरित खडक उघडा पडून झिजू शकतो. आणि कोणताही खडक पुरेसा खोल गेल्यास वितळून पुन्हा शिलारस होऊ शकतो.

बेलापूरकर (दगडकामाचा व्यवसाय)

संगमरवर रूपांतरित आहे. मूळ चुनखडकाचे कण उष्णतेने आणि दाबाने नव्याने जुळून तो तयार होतो. शहाबादी आणि कडप्पा हे चुनखडक, म्हणजे स्तरित. या तिन्हींवर लिंबाचा रस सांडून राहिला तर चकाकी जाते, कारण आम्लाने चुना विरघळतो. ग्रॅनाइट अग्निजन्य आहे, पण तो जमिनीत खोलवर सावकाश निवल्यामुळे त्याचे दाणे वेगवेगळे दिसतात. बाजारात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून मिळणारी फरशी बहुतेकदा गॅब्रो किंवा डोलेराइट या वेगळ्या, गडद अग्निजन्य खडकांची असते, तेव्हा ओटा काळा असेल तर मुलाने वहीत ग्रॅनाइट लिहिण्याआधी विचार करावा. घरात जुना पाटा असल्यास तोही दाखवा. आपल्या भागातला पाटा बहुधा बेसाल्टचाच असतो आणि टाकी लावल्यानंतर त्याचे बारीक, घट्ट कण फार छान दिसतात.

घोडबंदरकर (ठाणे)

मनःपूर्वक आभार. ते पापुद्रे कॅल्साइटचे नाहीत, हे घरी कसे तपासावे?

खारघरचा रहिवासी (निवृत्त भूविज्ञान शिक्षक)

स्फटिकाचा एखादा कण कुटून त्याच्या भुकटीवर व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे आले तर कॅल्साइट समजावे. स्टिल्बाइटवर ते येणार नाहीत. टोकाने काचेवर सहज ओरखडा उठला, तर गारगोटीची शक्यता धरा.

शिवाय मुकादमांची परवानगी घेऊन, सुरक्षित अंतरावरून खड्ड्याची उभी बाजू मुलाला दाखवा. वरचा मुरूम हा याच पाषाणाच्या विदारणातून झालेला असतो. त्यात कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल धोंडे आणि त्यांच्या मधोमध न कुजलेला काळा गाभा पुष्कळदा दिसतो. विटकरी रंगाचा पट्टा आढळल्यास तोही नोंदवावा: दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात खालच्या थराचा वरचा भाग कुजला, आणि पुढचा प्रवाह त्यावर पसरला, अशी त्याची उपपत्ती सांगतात.

घोडबंदरकर (ठाणे)

व्हिनेगरने बुडबुडे आले नाहीत आणि काचेवर ओरखडाही उठला नाही. मुलाने चिठ्ठीवर ‘बेसाल्ट, पोकळ्यांत बहुधा स्टिल्बाइट’ असे लिहिले आहे. तुकडा किती खोलीवरून निघाला, ते उद्या सकाळी मुकादमांना विचारून खाली लिहिणार आहोत.