स्ट्रेनला मराठीत काय म्हणावं : प्रजाती, उपप्रकार की वाण?

अनुवादिका
हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूवरचा लेख मराठीत करतेय. जठराची सूज, अल्सर आणि थोड्या लोकांत पुढे जठराचा कॅन्सर, असा याचा पराक्रम. जगाच्या निरनिराळ्या भागांत त्याचे निरनिराळे स्ट्रेन आढळतात. शीर्षक दिलंय 'पचनविकारकारक जिवाणूंतील प्रादेशिक आनुवंशिक वैविध्य', आणि माझ्याच जिभेला ठेच लागतेय. स्ट्रेनला 'प्रजाती' चालेल का?

पेरणी
नाही. प्रजाती एकच आहे, हे तिच्यातले भेद. सरळ 'वाण' लिहा. कृषी केंद्रात तुरीचा, कापसाचा वाण रोज मागतात, कुणाला कोश उघडावा लागत नाही.

शंकेखोर
वाण कुणीतरी निवडून जोपासलेला असतो. जठरातला जंतू कुणी जोपासला? करोनाच्या काळात पेपरांनी 'उपप्रकार' रुळवला, तोच बरा.

पेरणी
गावरान वाण तरी कुठे प्रयोगशाळेत काढलेत? त्या त्या मातीत राहून झालेत. हा जिवाणू बहुधा लहानपणी घरातल्याच कुणाकडून येतो आणि औषध घेतलं नाही तर सहसा जन्मभर मुक्काम ठोकतो. म्हणून माणसं गेली तिथे तोही गेला. २००७ च्या एका अभ्यासानुसार तो माणसाबरोबर सुमारे ५८,००० वर्षांपूर्वी आफ्रिकेतून निघाला. आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या ५,३०० वर्षांपूर्वीच्या 'ओत्झी' या माणसाच्या पोटातला वाण तर आजच्या युरोपीय वाणापेक्षा मध्य आणि दक्षिण आशियातल्या वाणाच्या जवळचा निघाला. इथे 'उपप्रकार' लिहिलंत की सगळी वंशावळ पुसली जाते.

सूक्ष्मदर्शक
माझं मत वाणालाच. पण खरा घोळ 'आनुवंशिक'मध्ये आहे. वाचक समजतो, बापाला अल्सर म्हणून मुलाला अल्सर. इथे जनुकं जंतूची आहेत, रोग्याची नव्हेत. 'जनुकीय' लिहा.

कॅगए नावाचं प्रथिन हा जिवाणू जठराच्या पेशीत अक्षरशः टोचतो. पूर्व आशियातल्या वाणांत त्या प्रथिनाचा एक तुकडा वेगळा असतो. तो पेशीतल्या एसएचपी-२ या विकराला (एन्झाइमला) जास्त घट्ट चिकटतो आणि पेशीच्या वाढीचे संदेश बिघडवतो. जपानच्या मुख्य बेटांवर बहुतांश हाच प्रकार. जपानच्याच दक्षिणेकडल्या ओकिनावात पाश्चात्त्य प्रकारही बऱ्यापैकी, आणि तिथे जठराचा कॅन्सर कमी. अर्थात सगळं खापर वाणावर फोडू नका, खारवलेलं खाणं आणि तंबाखू आहेतच. कोलंबियात तर २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं, की जंतूचा वंश आणि माणसाचा वंश जुळत नसेल तर जठराची हानी जास्त. त्या परिच्छेदात मात्र 'आनुवंशिक'ला जागा आहे.

ढवळ्या
'वाण नाही पण गुण लागला' मधला वाण म्हणजे रंग, तो इथे आणू नका. तसंही या जंतूंना शेजाऱ्याचं सगळंच लागतं. एकाच जठरात दोन वाण भेटले की एकमेकांच्या डीएनएचे तुकडे उचलतात.

शंकेखोर
बरं, वाण तर वाण. पण 'प्रादेशिक'ही काढा. जठराचेही भाग असतात, कुणी 'जठराच्या वरच्या प्रदेशातले' असं वाचेल.

अनुवादिका
'जठरातल्या जिवाणूचे देशोदेशीचे वाण' करते, आत 'जनुकीय फरक'. 'पायलोरी'तली री ऱ्हस्व की दीर्घ?

सूक्ष्मदर्शक
दीर्घ. शेवटचं अक्षर आहे.