पणजोबांची दुनळी ‘चकाचक’ होऊन आलीय, आता काही वाचवता येईल का?

होटगीरोडवाला:
नमस्कार मंडळी. राहायला सोलापुरात, मूळ गाव अक्कलकोट तालुक्यात. आमच्याकडं पणजोबांची बारा बोअरची दुनळी बंदूक आहे, बाहेर घोडे (काडतुसावर आपटणारे हातोडे) असलेली, बर्मिंगहॅम बनावटीची. लायसन आधी आजोबांच्या नावावर होतं, आता वडिलांच्या, सगळं रीतसर. १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली तेव्हापासून ती कपाटातच, खंडेनवमीला बाहेर काढायची, हळदकुंकू लावायचं की परत आत. नळ्या तपकिरी आणि त्यावर पाण्याच्या लाटांसारखी बारीक नक्षी, दमास्कस म्हणतात ती.

आता झालंय असं की घरात लग्न निघालंय, तर थोरल्या काकांनी ठरवलं की बंदूक हॉलमधे काचेच्या कपाटात लावायची आणि कुणाला न विचारता ओळखीतल्या एका पॉलिशवाल्याकडं देऊन टाकली. परत आली ती बघून वडील दोन मिनिटं बोललेच नाहीत. नळ्या नव्या बाईकच्या सायलेन्सरगत काळ्याकुट्ट, नक्षी गायब. घोड्यांखालच्या पट्ट्यांवर पाखरं आणि वेलबुट्टी कोरलेली होती, त्यावर बफ मारलाय, पाखरांचे पंख तेवढे चाचपडून कळतात. स्क्रूच्या खाचा फाकल्यात. दस्त्यावर, म्हणजे मागच्या लाकडावर, मेलामाइन पॉलिशचा जाड थर, हाताच्या पकडीची चौकडी घासून सपाट, आणि लाकूड जिथं लोखंडाला भिडतं तिथं लाकूड चक्क खाली गेलंय, नख अडकतंय. वर दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीच्या कडेनं पांढरी भुकटी येते, पुसली तरी परत येते.

पॉलिशवाला म्हणतो, “नवीसारखी करून दिली की, अजून काय पायजे?” काकांचंही तेच, वर म्हणतात दसऱ्याला एक बार काढू. ही पहिल्यासारखी होईल का आणि कुणाकडं द्यावी?

जुनं_लोखंड:
बार काढायचा नाही. काकांना आत्ताच सांगा, बाकीचं नंतर वाचा.

ती पांढरी भुकटी म्हणजे खार आहे. असला काळा रंग द्यायला नळ्या कॉस्टिक आणि नायट्रेटच्या उकळत्या द्रावणात बुडवतात, १४० डिग्रीच्या आसपास. आजच्या एकनळीला चालतं ते, पण जुन्या दुनळीत दोन नळ्या आणि मधली पट्टी कथिल-शिशाच्या डाकानं जोडलेली असते आणि कॉस्टिक तो डाकच खातं. शिवाय पट्टीखाली पोकळी असते, त्यात खार अडकून बसला की दमट हवेत ओल धरून बाहेर येत राहतो आणि आतून गंज चालू. वरून कितीही पुसा, काही उपयोग नाही.

वडिलांना सांगा, बंदूक रिकामी आहे याची खात्री करून नळ्या दस्त्यापासून सोडवा, बुडाच्या हुकात बोट घालून लटकत्या धरा आणि दुसऱ्या हातानं पेराची टिचकी मारा. टण्ण करून आवाज लांबला तर डाक शाबूत आहे, ठप्प वाजलं तर सुटलाय.

नक्षीचं मात्र टेन्शन घेऊ नका. दमास्कसची नक्षी रंगात नसते, धातूतच असते. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, सळईवर गुंडाळून, तापवून ठोकून ती नळी केलेली असते. काळा थर सौम्य आम्लानं उतरवायचा, मग हळूहळू गंज चढवायचा, उकळायचा, खरडायचा आणि हेच परत परत, की दोन्ही धातू वेगवेगळा रंग धरतात आणि लाटा वर येतात. पण आधी पट्टी उचलून खार धुणं आणि नवा डाक, रंग त्यानंतर. हे घरी करायचं काम नाही.

नळ्यांच्या बुडाशी खालच्या चपट्या बाजूवर शिक्के आहेत का बघा.

पंढरपूरकर:
एवढी झिगझिग कशाला लका, भिंतीला लाव आणि विसर. घरात शोभेला ठेवलेल्या जुन्या बंदुकीला लायसन पण लागत नाही, ते पण सुटेल.

काळाकोट:
पंढरपूरकर, असले सल्ले देऊन कुणाला तरी आत घालाल. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मधे पुराणवस्तू म्हणून सूट आहे, पण कुठल्या हत्याराला, तर जे दुरुस्त करूनसुद्धा चालवता येणार नाही त्याला. चालणारी, किंवा दुरुस्तीनं चालेल अशी बंदूक शंभर वर्षं जुनी असली तरी लायसन पाहिजेच.

आणि होटगीरोडवाले, तुमच्या काकांचा उद्योग साधा नाही. दुरुस्तीला न्यायची तर लायसनधारक सोबत पाहिजे नाहीतर त्याचं लेखी अधिकारपत्र पाहिजे, हे कलम ३ मधेच आहे. दुरुस्ती करणाऱ्याकडंही त्या कामाचं वेगळं लायसन लागतं, कलम ५. पॉलिशवाल्याकडं ते आहे का? बंदुकीवरचा नंबर वाचता येतोय का ते आजच बघा. नंबर किंवा ओळखखूण पुसणं हा कलम ८ खाली वेगळा गुन्हा आहे, आणि नूतनीकरणाला हत्यार दाखवायची वेळ आली की तिथंच अडकाल.

होटगीरोडवाला:
काळाकोट साहेब, घाम फोडला तुम्ही. नंबर बघितला, सगळे आकडे दिसतात पण शेवटचा पुसट झालाय, उजेड तिरपा धरला तर वाचता येतो. पॉलिशवाल्याकडं कसलं लायसन, दारांना पॉलिश करतो तो.

जुनं_लोखंड, शिक्के आहेत, त्या बाजूला नशिबानं बफ गेला नाही. मुकुट, त्याखाली एकमेकांवर ठेवलेले राजदंड, आणि इंग्रजीत ‘नॉट फॉर बॉल’ असं लिहिलंय.

काळाकोट:
मग वडिलांनी लायसन शाखेत लेखी अर्ज देऊन टाकावा, फोटोसकट, नूतनीकरणाची वाट न बघता. लायसन शहराच्या पत्त्यावर असेल तर पोलीस आयुक्तालय, गावच्या असेल तर कलेक्टर ऑफिस. अर्ज द्यायच्या आधी एखाद्या वकिलाला दाखवा. आणि स्वतः ठोकायचा लोखंडी पंच घेऊन तो आकडा परत ठोकायला जाऊ नका.

जुनं_लोखंड:
वा, ‘नॉट फॉर बॉल’ म्हणजे तारीखच मिळाली. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसनं, म्हणजे बंदुकांची चाचणी घेणाऱ्या संस्थेनं, हा शिक्का १८७५ ते १८८७ या काळात, चोक असलेल्या म्हणजे तोंडाशी अरुंद होणाऱ्या नळ्यांवर मारला. म्हणजे बंदूक काळ्या दारूच्या जमान्यातली. धूरविरहित दारूची चाचणी झाली असेल तर तसा शिक्का पाहिजे, उदाहरणार्थ १९०४ नंतरचा मुकुटाखाली ‘एनपी’ म्हणजे नायट्रो प्रूफ, तसा नसेल तर आजची काडतुसं तिच्यात घालणं म्हणजे डोळे आणि बोटं पणाला लावणं. त्या काळच्या बंदुकांत काडतूस बसायची जागा बहुतेक ६५ मिमी काडतुसाची असायची आणि आज सर्रास ७० मिमीचं मिळतं, ते आत बसतं (दुमडलेलं तोंड उघडून लांब होतं ते बार काढल्यावर) हाच घोटाळा, बसलं म्हणून माणूस निर्धास्त होतो.

कोरीवकामाचं म्हणाल तर तिथं आता कुणालाच हात लावू देऊ नका. उरलेल्या रेषा परत खोल करून देतो म्हणणारे भेटतील, पाखराचं कबूतर करून ठेवतील. पट्ट्यांवर मूळचे निळसर-तपकिरी ढग असणार, ते हाडाच्या कोळशात तापवून येतात आणि बफनं गेले ते गेले. परत आणायचे तर तुकडा पुन्हा भट्टीत घालावा लागतो आणि वाकला तर झडप, म्हणजे नळ्या जिथं उघडतात-मिटतात तो भाग, नीट बसत नाही. राखाडी राहू दे.

भवानीपेठ_सुतारकाम:
लाकडावर मी बोलते, घरात तीन पिढ्या हेच काम. मेलामाइन काढायला सॅंडपेपर अजिबात नको, सॅंडपेपरनंच तर वाट लागलीय. रिमूव्हरचा जेल लावून, फुगू देऊन, लाकडाच्या पट्टीनं खरवडायचं, पहिल्यांदा दस्त्याच्या बुडाशी छोट्या जागेत करून बघायचं. खाली जुनं अक्रोड असेल तर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात तळव्यानं चोळायचा, वाळू द्यायचा, परत चोळायचा. घाई केली तर चिकट राहतं आणि आपल्याकडची धूळ सगळी त्यावर बसते.

खाली गेलेलं लाकूड परत वर येत नाही. आणि इथं दुसरा घात होतो: कारागीर म्हणतो लाकूड खाली आहे ना, मग लोखंडच घासून लेव्हल करू. हे कुणी बोललं तर बंदूक उचलून घरी या. चौकडीच्या जिथं रेषा थोड्या तरी उरल्यात तिथंच परत ओढून घ्या, सपाट झालेल्या जागी नवीन काढली तर वेगळी कळते.

काचेच्या कपाटाचं पण रद्द करा. आपल्या उन्हाळ्यात बंद काचेत वर बल्ब, दस्ता तडकलाच म्हणून समजा.

होटगीरोडवाला:
टिचकी मारली. ठप्प. बुडाशी थोडा आवाज आहे, तोंडाकडं काहीच नाही. काकांनी स्वतः ऐकलं, आता गप्प आहेत, फक्त पॉलिशवाल्याला दिलेले पैसे कसे काढायचे ते बोलतायत. पुण्याला लायसनवाल्या डीलरकडं न्यायचं ठरलंय, वडील स्वतः नेणार. दस्त्याचं मेलामाइन मात्र ताई म्हणतात तसं इथंच उतरवायचा विचार आहे.

भवानीपेठ_सुतारकाम:
इथं नको, दस्ता पण सोबतच जाऊ दे. नळ्या आणि झडप परत बसवताना लाकूड कुठं घासतंय ते त्यांना बघावं लागेल.

जुनं_लोखंड:
बरोबर. आणि डीलरकडून कामाचा कागद करून घ्या: पट्टी उचलून खार धुणे, नवा डाक, मग तपकिरी रंग. खाली ठळक लिहा की नंबर, शिक्के आणि कोरीवकाम यांना बफ, पेपर, काहीही लावायचं नाही. निघायच्या आधी सगळ्या बाजूंचे फोटो काढून ठेवा, नंबरचा तिरप्या उजेडातला सुद्धा.