‘शीट’ ही दोरी कशी? डिंगी शिकताना अडलेले शब्द

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)

गेल्या हिवाळ्यापासून महिन्यातून एकदा गगनबावड्याहून करूळ घाट उतरून मालवणच्या बाजूला जातो. तिथल्या खाडीत शिडाची डिंगी चालवायला शिकतोय. लांबी चार मीटरच्या आसपास, एकच शीड, आत एक किंवा दोन माणसं. बरोबर पुतणी असते, वय १२.

पहिल्याच दिवशी वाऱ्याचा झोत आला, होडी कलली आणि शिकवणारे ओरडले, “शीट सोड, शीट सोड!” पुतणी बसल्या जागेवरून उठली. आपल्याकडे एसटीत शीट पकडतात, तेच तिच्या डोक्यात. मी चादर समजून शिडाच्या कापडाला हात घातला. होडी उलटली. ‘शीट’ निघाली दोरी! शिडाचा खालचा मागचा कोपरा ज्या आडव्या दांड्याच्या टोकाला बांधतात, तो दांडा आत ओढणारी किंवा बाहेर सोडणारी दोरी. ओढली की शिडात वारा भरतो आणि होडी पळते, सोडली की थांबते.

या दोरीला मराठीत एक शब्द हवा आहे, घाईत ओरडता येईल असा. मला ‘कासरा’ सुचतो. हातात धरायचा, कधी आवळायचा, कधी सैल सोडायचा. कसा वाटतो?

प्रतिसाद (मूळ देवगड तालुका, आता शाहूपुरी)

दादा, आधी ‘डिंगी’बद्दल. हा शब्द इंग्रजांनी आपल्याच देशातून नेला. हिंदी-बंगालीतली डिंगी, म्हणजे लहान होडी. कॅटमरान तमिळमधून गेला : कट्टु म्हणजे बांधणे, मरम म्हणजे लाकूड.

बाकीचे शब्दही आहेत की. शीड, डोलकाठी, सुकाणू, वल्हं, कप्पी, तळाच्या भोकाला बूच. होडीचं पुढचं टोक म्हणजे नाळ. यातलं ‘सुकाणू’ अरबी ‘सुक्कान’वरून आलं. ‘नाखवा’ फारसी ‘नाखुदा’वरून. ‘नांगर’ तर फारच गोड आहे. शेतातला नांगर संस्कृत ‘लांगल’चा, समुद्रातला फारसी ‘लंगर’चा. मराठीत येईतो दोघांचं रूप एक झालं. घाटावरचं पोर “नांगर टाक” ऐकून बावचळलं, तर चूक त्याची नाही.

दर्यावर्दी माणसांनी कधी परक्या शब्दांचा विटाळ मानला नाही, म्हणून ‘शीट’लाही माझी ना नाही. पण ऐकणारा दुसऱ्याच अर्थात अडकत असेल तर तो शब्द पाण्यावर कामाचा नाही. तिथे विचार करायला वेळ नसतो.

प्रतिसाद (शिरोळ तालुका)

‘कासरा’ नको, कळकळीनं सांगतो. मी होडी चालवलेली नाही, बैलं हाकलीत. बैल उधळला की कासरा ओढायचा, मग तो थांबतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून ती दोरी ओढली की शिडात वारा भरतो आणि होडी पळते, सोडली की थांबते. म्हणजे नेमकं उलटं. आमच्याकडचं पोर घाबरलं की हात आपोआप कासरा ओढणार. शब्दच त्याला पाण्यात घालेल.

आणखी एक. कासऱ्यानं बैल वळतो. तुमची होडी वळते सुकाणूनं.

प्रश्नकर्ता

काका, तुमचं शंभर टक्के पटलं. पहिल्या दिवशी आम्ही नेमकं तेच केलं होतं, घाबरून घट्ट धरून ठेवलं. ‘कासरा’ मागे घेतो.

यावरून एक वाक्प्रचार आठवला. वर्तमानपत्रात ‘त्यांच्या शिडातली हवाच काढून घेतली’ असं येतं, तो इंग्रजीचा शब्दशः अनुवाद आहे. तिथे ती फजिती असते. होडीत मात्र शिडातली हवा सोडणं हे पहिलं शहाणपण आहे. किनाऱ्यावर शीड चढवतानासुद्धा होडीची नाळ वाऱ्याकडे करून ठेवायची, म्हणजे शीड नुसतं फडफडतं, भरत नाही. मग आडवा दांडा बसवायचा, दोरी कप्प्यांतून ओवायची आणि टोकाला आठाच्या आकाराची गाठ मारायची, म्हणजे ती कप्पीतून निसटत नाही. इथे सुरगाठ चालत नाही. ती ओढली की सुटते.

प्रतिसाद (कसबा बावडा)

पतंगाकडे बघा ना! ‘ढील दे’ आणि ‘खेच’. प्रत्येक पोराला हे येतं, शिकवावं लागत नाही. ढील दिली की मांज्यावरचा ताण जातो, तसाच शिडावरचाही जाईल. नाव ‘शिडाची दोरी’ एवढंच ठेवा. ओरडताना नाव लागतच नाही, क्रियापद लागतं.

प्रतिसाद (मूळ देवगड तालुका, आता शाहूपुरी)

ताई, ‘ढील’ उत्तम.

आता वाऱ्यांचे शब्दही पुतणीला द्या. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जातो तो मतलई वारा, दुपारी समुद्रावरून येतो तो खारा वारा. ‘मतलई’चं मूळ अरबी ‘मतला’, म्हणजे उगवण्याची जागा, पूर्व दिशा. गझलेचा पहिला शेर तो मतला, तोही हाच शब्द. आपल्या किनाऱ्याला जमीन पूर्वेला, म्हणून जमिनीवरचा वारा मतलई. नवशिक्यानं मतलईत खाडीच्या तोंडाकडे जाऊ नये. तो गोड वाटतो आणि बाहेर ढकलत नेतो. ओहोटी असेल तर ती आणि तो मिळून नेतात.

प्रश्नकर्ता

हे लिहून घेतलं. वाऱ्याकडची बाजू आणि वाऱ्याआडची बाजू यांना भूगोलातले ‘वाताभिमुख’, ‘वातविन्मुख’ घेणार होतो. गगनबावड्याला पाऊस कोसळतो आणि ५५ किलोमीटरवरच्या कोल्हापुरात त्याचा थोडाच भाग येतो, त्यामुळे अर्थ आपल्याला अंगानं माहीत आहे. पण होडीत ते जिभेवर येत नाहीत. ‘वरची’ आणि ‘आडची’ पुरेल.

वारा येतो त्या दिशेला होडी थेट जात नाही. साधारण ४५ अंशांत एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून वारा घेत नागमोडी पुढे सरकायचं. पुतणी म्हणाली, “काका, हे करूळ घाट चढल्यासारखं आहे.” आम्ही आता त्याला ‘घाट चढणे’च म्हणतो.

राहिला तो आडवा दांडा, बूम. पाठीमागून वारा असताना वळलो की तो सपकन दुसऱ्या बाजूला येतो, डोकं फोडेल इतक्या जोरानं. त्याला काय म्हणावं?

प्रतिसाद (शिरोळ तालुका)

आडकाठी. उभी ती डोलकाठी, आडवी ती आडकाठी. पोरीला सांगा, “आडकाठी आली!” ऐकलं की आधी मान खाली, मग बाकी सगळं.