लास वेगासमध्ये एकच दिवस: आम्ही दोघांनी काय पाहावे?

प्रश्न (सह्याद्रीकर): मी आणि माझा नवरा येत्या फेब्रुवारीत सॅन होजेहून लास वेगासला जाणार आहोत. जुगाराची आवड दोघांनाही नाही. एका दिवसात काय पाहून होईल, आणि हातात हात घालून हिंडताना अवघडल्यासारखे वाटेल का?

रानवाटा: सकाळी हूवर धरण गाठावे. 221 मीटर उंचीच्या या धरणाच्या माथ्यावरूनच नेवाडा आणि ॲरिझोना यांची सीमा जाते, आणि पाण्यातल्या मनोऱ्यांवर दोन्ही राज्यांची वेगवेगळी घड्याळे आहेत. हिवाळ्यात त्यांत तासाभराचा फरक दिसतो, उन्हाळ्यात मात्र दोन्ही एकच वेळ दाखवतात. माझा जोडीदार तिथे दहा मिनिटे नुसती घड्याळेच पाहत उभा होता! दुपारी निऑन म्युझियममध्ये जुन्या हॉटेलांच्या निवृत्त पाट्या पाहाव्यात.

चांदणे: अवघडण्याचे कारण नाही. समलिंगी विवाहाला थेट राज्यघटनेत स्थान देणारे नेवाडा हे अमेरिकेतील पहिले राज्य असून, त्यावर 2020 मध्ये मतदारांनीच कौल दिला. तरीही आमच्या हॉटेलात, आरक्षण एका मोठ्या पलंगाचे असताना, स्वागतकक्षातील बाईंनी परस्पर दोन पलंगांची खोली दिली होती. शांतपणे सांगताच ती बदलून मिळाली. संध्याकाळी बेलाजिओ हॉटेलची कारंजी पाहा, ती फुकट आहेत.

रानवाटा: समोर दिसणारे हॉटेलही चालायला लागल्यावर दूर निघते, म्हणून बूट जुने, सवयीचेच घाला.